वावरात कमी, गाईत कमी, सासूबाईंच्या रक्तात जास्त

यवतमाळ जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने लिहिले आहे:

‘आमची भारी काळी जमीन आहे. सोयाबीन आणि कपाशी-तूर घेतो. दरवर्षी डीएपी टाकतो, तरी मृदा आरोग्य पत्रिकेत सामू ८.२ आणि स्फुरद “कमी” असेच येते. यंदा डीएपी मिळत नाही. दुकानदार म्हणतो, सुपर फॉस्फेट न्या, पण सोबत दुसरी पोतीही घ्यावी लागतील. आमची गाय उकिरड्यावरची हाडे आणि चिंध्या चघळते. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की तिला फॉस्फरस कमी पडतो. सासूबाईंची मूत्रपिंडे अशक्त झाली आहेत. त्यांचे डॉक्टर म्हणाले की रक्तात फॉस्फरस वाढला आहे, पथ्य पाळा. दहावीतला मुलगा म्हणतो की आगपेटीत, धान्यात ठेवायच्या गोळ्यांत आणि उंदरांच्या औषधातही हाच असतो. मग तो चांगला की वाईट? आम्ही तो वाढवावा की टाळावा?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला सगळ्यांनी सांगितलेले खरे आहे आणि त्यात परस्परविरोधही नाही. पत्रिकेतला स्फुरद आणि डॉक्टरांचा फॉस्फरस एकच. तुमच्या वावरात, गोठ्यात आणि घरात अडचणही एकाच जातीची आहे: स्फुरद जिथे पोहोचायला हवा तिथे पोहोचत नाही, किंवा जिथून बाहेर पडायला हवा तिथून पडत नाही. म्हणून ‘वाढवावा की टाळावा’ याचे एकच उत्तर सगळ्यांना लागू होणार नाही.

आधी त्याचे सजीवांतले काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम स्फुरद असतो आणि त्यातला जवळजवळ ८५ टक्के कॅल्शियमशी बांधलेल्या स्वरूपात हाडांत व दातांत असतो. उरलेला थोडा दिसला तरी त्याच्यावाचून एकही पेशी जगत नाही, कारण पेशीचे आवरण ज्या स्निग्ध पदार्थांचे बनते त्यांत तो असतो, आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या डीएनएच्या साखळीचा कणा त्याचाच असतो, आणि अन्नातून मिळालेली ऊर्जा स्नायूंपर्यंत नेणाऱ्या एटीपी या रेणूत तर त्याचे तीन गट एकापुढे एक जोडलेले असतात. हे एटीपी शरीरात साठवून ठेवता येत नाही. ते क्षणोक्षणी मोडते आणि पुन्हा तयार होते. मृगाच्या सुमारास धुऱ्यावर चमकणाऱ्या काजव्याचा प्रकाश फॉस्फरस जळून पडतो असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही, पण तो प्रकाश पाडणाऱ्या रासायनिक क्रियेलाही एटीपी लागतेच. कपाशीच्या रोपाचेही तसेच आहे. स्फुरद कमी पडला की मुळे आखूड राहतात, झाड खुरटते, पाने आधी काळपट हिरवी आणि मग जांभळट होतात, आणि ही लक्षणे खालच्या जुन्या पानांवर प्रथम दिसतात, कारण झाड तिथला स्फुरद काढून नव्या शेंड्याकडे पाठवते.

आता तुमच्या वावराकडे येऊ, कारण तुमचा सर्वांत जास्त पैसा तिथे जातो. सामू (पीएच) ८.२ म्हणजे जमीन विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, आहे, आणि आपल्याकडच्या अशा काळ्या जमिनीत बहुधा चुनखडी असते. खतातला विरघळणारा स्फुरद अशा मातीत पडला की काही दिवसांतच चुनखडीतल्या कॅल्शियमशी बांधला जातो आणि मुळांना सहजी उचलता येणार नाही असे त्याचे रूप होते. पहिल्या हंगामात पीक टाकलेल्या स्फुरदापैकी साधारण १५ ते २० टक्केच घेऊ शकते. उरलेला वाहून गेला असे समजू नका. माती धुपली नाही तर तो तिथेच आहे, पण जिल्हा बँकेतल्या मुदत ठेवीसारखा, नावावर असूनही गरजेच्या दिवशी हाती न येणारा. पत्रिकेतला आकडा मातीतल्या एकूण स्फुरदाचा नसून फक्त ‘उपलब्ध’ स्फुरदाचा असतो, म्हणून दरवर्षी पोती टाकूनही तो ‘कमी’ दिसू शकतो.

यावरून पहिली गोष्ट अशी ठरते की स्फुरद कुठे पडतो याला तो किती पडतो याच्याइतकेच महत्त्व आहे. युरियातला नत्र पाण्याबरोबर मातीत फिरतो. स्फुरद जिथे पडला तिथून बोटभरही हलत नाही. आपल्या भागात डीएपी फेकून देण्याची किंवा कपाशी गुडघ्याएवढी झाल्यावर डवरणीच्या वेळी ओळीत टाकण्याची जी रीत पडली आहे, ती मला सरळसरळ पैशांची नासाडी वाटते. त्या खतातला नत्र पिकाला लागतो, पाने हिरवी होतात आणि शेतकऱ्याला समाधान वाटते, पण महागडा स्फुरद वरच्या कोरड्या थरात पडून राहतो. स्फुरद पेरणीच्या वेळीच, बियाण्याच्या दोन-तीन बोटे खाली किंवा बाजूला पडला पाहिजे, कारण कोवळ्या मुळाला त्याची गरज पहिल्या तीन-चार आठवड्यांत सर्वांत जास्त असते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला खताची वेगळी पेटी आणि वेगळी नळी असेल तर हे आपोआप साधते. तिफणीने पेरत असाल तर खतासाठी वेगळा सरता बांधून घ्यावा. बियाणे आणि डीएपी एकाच घमेल्यात कालवून पेरण्याचा सोपा मार्ग मात्र टाळावा, कारण डीएपीच्या दाण्याभोवती सुटणाऱ्या अमोनियाने कोंब जळतात आणि दोष बियाण्याच्या कंपनीला दिला जातो. कपाशी टोबून लावत असाल तर खताचे भोक बियाण्यापासून चार बोटे दूर करावे.

डीएपी मिळत नाही याची चिंता तुम्ही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असतो. (पोत्यावरचे स्फुरदाचे आकडे ऑक्साइडच्या हिशेबाने छापलेले असतात, मूळ मूलद्रव्य त्याच्या निम्म्याहून थोडे कमी भरते, पण सगळ्या शिफारशी ऑक्साइडच्याच हिशेबाने असल्यामुळे व्यवहारात फरक पडत नाही.) सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यात स्फुरद ८ किलो असतो. म्हणजे सुपरची तीन पोती आणि २० किलो युरिया घेतला की एका डीएपीचे काम होते, आणि शिवाय साडेसोळा किलो गंधक मिळते, जे डीएपीत नसते. सोयाबीनसारख्या तेलबियांच्या पिकाला गंधक लागतेच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची सोयाबीनसाठी हेक्टरी ७५ किलो स्फुरदाची शिफारस धरली तर एकरी ३० किलो पडतात; त्यासाठी पावणेचार पोती सुपर पुरेसे होते. कोरडवाहू कपाशीला याच्या निम्म्याहूनही कमी स्फुरद लागतो, पण आपल्याकडे दोन्ही पिकांना ‘एकरी एक डीएपी’ असाच हिशेब चालतो. सुपर घेताना दाणेदार घ्यावे, कारण भुकटी पेरणी यंत्रात अडकते. पोती जास्त वाहावी लागतात ही त्याची खरी अडचण आहे, आणि मजुरीचा विचार करता ती लहान नाही, हे मान्य आहे.

दुसरी पोती गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला नकार देण्याचा तुम्हाला अधिकार आहे. खताबरोबर नको असलेला माल घेण्याची सक्ती बेकायदेशीर आहे. पक्की पावती मागा आणि ती न दिल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. डीएपीचा तुटवडा मात्र त्या दुकानदाराने निर्माण केलेला नाही. नत्र हवेतून घेता येतो, स्फुरद हवेत नसतो. तो खडकांतूनच खणून काढावा लागतो. जगातल्या अशा खडकाच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडे आहे. आपल्याकडे उदयपूरजवळच्या झामरकोटड्यासारख्या थोड्या खाणी आहेत, पण गरजेचा बहुतेक माल आयात होतो, आणि अलीकडच्या वर्षांत चीनने निर्यात आवळल्याची झळ थेट आपल्या तालुक्याच्या गोदामापर्यंत पोहोचली आहे.

सुपर फॉस्फेट पेरणीआधी दोन-तीन आठवडे कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून मग ओळीत दिले, तर चुनखडीशी त्याचा थेट संबंध कमी येतो आणि ते जास्त काळ उपलब्ध राहते. ज्यांच्याकडे गोठा आहे त्यांनी हे अवश्य करावे. जनावराच्या शरीरातून जादा स्फुरद बाहेर पडतो तो मुख्यतः शेणातून, गोमूत्रातून फारच थोडा; म्हणून शेण उघड्यावर पावसात वाहू दिले तर स्फुरदही त्याच्याबरोबर नाल्याला जातो. गोवऱ्या किंवा पऱ्हाटी चुलीत जाळत असाल तर त्यातला नत्र जळून जातो, पण स्फुरद राखेत शिल्लक राहतो. ती राख रस्त्यावर न फेकता खताच्या खड्ड्यात थराथराने टाका. तुमची जमीन आधीच विम्लधर्मी असल्यामुळे नुसती राख वावरात फेकू नका.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ज्यांना दुकानात पीएसबी म्हणतात, ते जरूर वापरा, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ते स्फुरद निर्माण करत नाहीत; सेंद्रिय आम्ले सोडून अडकलेल्यातला थोडा मोकळा करतात, आणि मातीत सेंद्रिय कर्ब नसेल तर तेही उपाशी राहतात. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावावे, ते सुकल्यावर रायझोबियम (हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) आणि पीएसबी लावून सावलीत वाळवावे आणि त्याच दिवशी पेरावे. पाकिटावरची मुदत संपलेली असेल तर ते घेऊ नये. रब्बीत ओलिताची सोय असेल तर हरभरा घ्या. हरभऱ्याच्या पानांवरची आंब आपण सगळ्यांनी जिभेने चाखली आहे; त्याची मुळेही आम्ले सोडतात आणि कॅल्शियमशी बांधलेला स्फुरद काही प्रमाणात सोडवून घेतात. रॉक फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा ‘नैसर्गिक’ म्हणून कोणी सुचवला तर तुमच्या जमिनीत त्यावर पैसे घालू नका. ती खते आम्लधर्मी मातीतच नीट विरघळतात.

गाईचे निदान तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केले आहे असे वाटते. सोयाबीन-तुरीचे कुटार, कडबा आणि उन्हाळ्यात वाळलेले गवत यांत स्फुरद फार कमी असतो, आणि ज्या मातीत तो उपलब्ध नाही तिथल्या चाऱ्यात तर आणखी कमी. दुधाच्या प्रत्येक लिटरबरोबर तिच्या अंगातला स्फुरद बाहेर जातो. तो भरून काढण्यासाठी जनावर हाडे, चिंध्या, माती चघळू लागते. हाड घशात अडकू शकते, आणि कुजलेल्या मढ्याच्या हाडांतून असे विष पोटात जाऊ शकते की ज्याने जनावर लुळे पडून मरते. म्हणून उकिरडा कुंपणाने बंद करणे हा उपचाराचाच भाग समजा. सरकीची ढेप, गव्हाचा कोंडा आणि डाळींची चुनी यांत स्फुरद भरपूर असतो. त्याबरोबर चांगल्या प्रतीचे खनिज मिश्रण रोज साधारण ५० ग्रॅम आंबोणात द्यावे. तुमच्या गाईसाठी नेमके किती, हे डॉक्टरांना विचारावे, आणि पोटात जंत आहेत का तेही तपासून घ्यावे. एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण कोणाच्या तरी डोक्यात ती कल्पना येतेच: खताचे सुपर फॉस्फेट किंवा डीएपी जनावराला कधीही चारू नका. खताच्या फॉस्फेटमध्ये फ्लोरिनसारखी अशुद्ध द्रव्ये असतात आणि डीएपीतला अमोनिया जनावराला मारू शकतो.

गोठ्यात म्हैस असेल तर व्याल्यानंतरच्या पहिल्या महिनाभरात तिच्या लघवीवर लक्ष ठेवा. लघवी लालसर किंवा बिनदुधाच्या कॉफीसारखी काळपट झाली, तर रक्तातल्या स्फुरदाच्या तीव्र कमतरतेमुळे तांबड्या पेशी फुटत आहेत असे असू शकते. अशा वेळी गावठी उपायांत दिवस न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. शिरेतून योग्य फॉस्फेट वेळेवर मिळाले तर म्हैस वाचते.

सासूबाईंचे दुखणे याच्या उलट आहे. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड या किमयागाराने सोन्याच्या शोधात मानवी मूत्र आटवले, आणि त्याच्या हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस लागला. तो मूत्रात सापडला याचे कारण निरोगी मूत्रपिंडे रक्तातला जादा फॉस्फेट तिथेच सोडून देतात. मूत्रपिंडे थकली की तो रक्तात साचतो, अंगाला खाज सुटते, शरीर हाडांतले कॅल्शियम ओढू लागते आणि हळूहळू रक्तवाहिन्यांच्या भिंतींत क्षार बसू लागतात. म्हणजे रक्तात फॉस्फरस जास्त असूनही त्यांची हाडे कमकुवत होऊ शकतात, आणि म्हणून ‘हाडांसाठी चांगले’ म्हणून त्यांना दूध वाढवून देणे योग्य नाही.

पथ्याबाबत मी डॉक्टरांची आणि आहारतज्ज्ञांची जागा घेऊ शकत नाही, पण ज्या गोष्टी घराघरांत चुकतात त्या सांगतो. घरचे लोक भीतीने सगळ्यात आधी डाळ बंद करतात. डाळी, ज्वारी, शेंगदाणे यांतला स्फुरद बऱ्याच अंशी फायटेट या रूपात असतो आणि माणसाचे आतडे तो पूर्णपणे शोषू शकत नाही. याउलट कोलासारख्या काळ्या थंड पेयांतले फॉस्फोरिक आम्ल आणि बेकरीच्या मालातली किंवा डबाबंद पदार्थांतली फॉस्फेटे जवळजवळ सगळीच रक्तात जातात. म्हणून पाहुण्यांनी आणलेली बाटली आणि चहाबरोबरची टोस्ट-खारी आधी बंद करा. डाळ किती आणि दूध किती, हे रक्ताचा अहवाल पाहून आहारतज्ज्ञांना ठरवू द्या, कारण प्रथिने फार तोडली तर म्हातारे माणूस खचते. डॉक्टरांनी फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात. त्या अन्नातल्या स्फुरदाला आतड्यातच पकडतात. सकाळी उपाशीपोटी, बाकीच्या गोळ्यांबरोबर एका घोटात गिळल्या तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. हे एकदा त्यांच्या डॉक्टरांकडून पक्के करून घ्या.

मुलाचे म्हणणेही बरोबर आहे, फक्त त्याला रूपांतला फरक समजावून सांगा. हाडातला आणि खतातला फॉस्फेट ऑक्सिजनशी घट्ट बांधलेला, शांत असतो. पांढरा फॉस्फरस मात्र हवेत आपोआप पेटतो आणि तो जहाल विष आहे. एके काळी आगकाड्या त्याच्याच बनत, आणि त्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची जबड्याची हाडे सडत. लंडनच्या आगपेटी कामगार स्त्रियांच्या १८८८ च्या संपानंतर हा प्रश्न गाजला आणि भारतात १९१३ च्या कायद्याने अशा आगकाड्यांवर बंदी आली. आजच्या आगपेटीत काडीच्या टोकाला फॉस्फरस नसतो. पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत तांबडा फॉस्फरस असतो, जो त्यामानाने निरुपद्रवी आहे.

फवारणीची अनेक कीटकनाशकेही फॉस्फरसचीच सेंद्रिय संयुगे आहेत आणि ती मज्जातंतूंवर घाला घालतात. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तुम्ही जवळून पाहिले असेल. फवारताना कोणाला घाम, लाळ, अंधुक दिसणे, छातीत घरघर सुरू झाली तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या डब्यासह दवाखान्यात न्या. नाव कळले की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

धान्यात ठेवायच्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड आणि उंदरांचे काळे औषध म्हणजे झिंक फॉस्फाइड. दोन्हींतून फॉस्फिन हा वायू सुटतो. गोळीला तर हवेतला ओलावाही पुरतो. या विषावर उतारा नाही. माणसे ज्या घरात झोपतात तिथल्या कोठीत किंवा पोत्यात ही गोळी ठेवणे म्हणजे सगळ्यांचा जीव धोक्यात घालणे आहे, आणि लसणासारखा वास येईल तेव्हा बाहेर पडू या भरवशावर राहता येत नाही. तुमच्या घरच्या धान्यासाठी कडक ऊन, हवाबंद कोठी आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरेसा आहे. घरात अशा गोळ्या आताही असतील तर डबी उघडू नका, पाण्यात किंवा विहिरीत टाकू नका. घराबाहेरच्या कोरड्या जागी कुलपात ठेवा आणि त्यांचे काय करायचे ते आपल्या कृषी सहायकांना विचारून, पेरणीची घाई सुरू होण्याआधीच त्या घरातून हलवा.